कापसीपर्यंत

पुरीला निघालो आम्ही सोमवारी पहाटे,
आणि आज गुरुवार, दुपार,
अजून कापसीतच आहोत,
घरापासून अकरा किलोमीटर.

मोरेश्वरांचा बेत साधा होता:
नागपूरच्या माणसाला दोन्ही समुद्र सारखेच लांब,
तेव्हा आधी पूर्वेचा, मग पश्चिमेचा,
कुत्र्यांना दोन्ही दाखवायचे.

गाडी म्हणजे लिलावात घेतलेली रुग्णवाहिका.
वरचा भोंगा काढला. आत शेगडी, गादी, पाण्याची टाकी,
खिडक्यांना माझ्या जुन्या साडीचे पडदे.
पिवळ्या रंगाचे दोन हात दिले यांनी स्वतः,
तरी ऊन तिरपं पडलं की
उलटी अक्षरं खालून वर येतात,
आणि पुढचा ट्रकवाला आरशात बघून
मुकाट बाजूला होतो.
मला दर वेळी वाटतं, ओरडून सांगावं,
बाबा, घाई नाही रे कुणाला.

कुत्री दोन. ढोल्या आणि सांबार.
सांबार ऐकून पुण्याची सून हसली होती,
तिला वाटलं इडलीबरोबरचं.
अगं, आमच्याकडे कोथिंबिरीला म्हणतात,
आणि हाही तसाच मिळाला,
गोकुळपेठेच्या बाजारात, वांग्यांवर फुकट.

सोमवारी पट्टा तुटला.
मंगळवारी पट्टा बसला, तर डिझेलची नळी
ठिबकायला लागली.
बुधवारी काहीच बिघडलं नाही,
फक्त किल्ली सापडेना.
ढोल्यानं गिळली म्हणून दिवसभर त्याच्या मागे फिरलो.
रात्री ती निघाली पोह्यांच्या डब्यात,
जो भरला होता मी.
त्यावर आम्ही अजून बोललेलो नाही.

इलियासभाई गाडीखालूनच बोलतात,
त्यांचे पाय तेवढे ओळखीचे झालेत.
"काकाजी, गाडी चांगली हाय तुमची.
पण जिंदगीभर पळाली ना ते.
आता तुम्ही चाळीसनं चालवता,
तं तिले समजूनच नाही राह्यलं
का झालं म्हणून."

मोरेश्वर हसले.
मी पायांकडे बघत राहिले.
एकतीस वर्षं मेयोत अशाच गाड्यांची मागची दारं उघडली मी.
आधी पाय दिसायचे, चेहरा नंतर,
आणि पायांवरूनच कळायचं
धावायचं की नाही.

आता त्याच फळीवर सांबार झोपतो,
चारी पाय वर, पोट उघडं,
झोपेतही कुठंतरी पळत.
मी रात्री उठून त्याचा श्वास मोजते.
घड्याळ लावून, पूर्ण मिनिट.

काल शेजारच्या तुमानेबाई
कळमन्याहून संत्री घेऊन येता येता इथं कशा उगवल्या कोण जाणे.
"अवो, तुम्ही तं समुद्रावर गेल्ते ना?"
हे पडद्यामागे.
"जाऊन आलो," मी म्हटलं.
"माय वो! इतक्या लवकर?"
"हो ना. गाडी लय पळते."
अर्धा डझन संत्री ठेवून गेल्या, प्रवासाहून आलो म्हणून.

आज जेवण झाल्यावर एक ट्रक येऊन थांबला शेजारी,
विशाखापट्टणमचा, मासळीचा.
बर्फ वितळून फळ्यांमधून
खारं पाणी गळत होतं, थेंब थेंब, डिसेंबरच्या धुळीत.
दोन्ही कुत्री जाऊन उभी राहिली तिथं,
नाकं वर, शेपट्या थांबलेल्या.
ढोल्यानं एक थेंब चाटला,
तोंड वाकडं केलं,
परत चाटला.

"मारा सेल," गाडीखालून आवाज आला.
मोरेश्वरांनी किल्ली फिरवली.
लागली. एका झटक्यात, तक्रार नाही.
इलियासभाई पहिल्यांदा पूर्ण बाहेर आले;
चेहरा अगदीच पोरसवदा निघाला.

हॉर्न वाजवून झाला. बिस्किटं दाखवून झाली.
"चला रे, समुद्र बघायचाय ना," मी हाका मारते आहे,
आणि ते दोघं
मान वळवूनही बघत नाहीत.